डेसिकेटरचा वापर आणि निगा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक करणारे विद्यार्थी, महाविद्यालयांतील प्रयोगशाळा सहायक, आणि साखर कारखाने, पाणी तपासणी केंद्रे व औषधनिर्मितीच्या प्रयोगशाळांत काम करणारे विश्लेषक यांच्याकडून डेसिकेटरविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. घरातील कॅमेरा आणि लेन्स यांविषयीचा प्रश्नही बऱ्याचदा येत असल्याने त्याचाही समावेश केला आहे.

डेसिकेटर नेमके काय करतो? तो पदार्थ वाळवतो का?

डेसिकेटर हे घट्ट बसणाऱ्या झाकणाचे जाड काचेचे भांडे असते. त्याच्या तळाशी हवेतील ओलावा शोषून घेणारा पदार्थ, म्हणजे शोषक, ठेवलेला असतो आणि वरच्या कप्प्यात ठेवलेली वस्तू त्यामुळे कोरड्या हवेत राहते. आधी वाळवलेली वस्तू वजन होईपर्यंत कोरडी राखणे हे त्याचे मुख्य काम आहे. ओला अवक्षेप (द्रावणातून घनरूपात खाली बसलेला पदार्थ) गाळून तसाच आत ठेवला तर तो वाळायला दिवसचे दिवस लागतात आणि शोषक मात्र दोन दिवसांत निकामी होतो. म्हणून वाळवण्याचे काम ओव्हन किंवा मफल भट्टीने (फार उच्च तापमानाच्या बंदिस्त विद्युत भट्टीने) करावे आणि राखणीचे काम डेसिकेटरकडे द्यावे. उष्णतेने विघटन पावणारे पदार्थ याला अपवाद आहेत. ते निर्वात डेसिकेटरमध्येच, म्हणजे तोटीतून आतली हवा काढून घेता येणाऱ्या डेसिकेटरमध्येच, वाळवावे लागतात. डेसिकेटरबद्दलच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या दोन कामांच्या गल्लतीत असते, असे आमचे निरीक्षण आहे.

आत कोणकोणते भाग असतात?

भांड्याच्या खालच्या अरुंद भागात शोषक असतो. त्याच्यावर चिनी मातीची भोके असलेली चकती असते आणि मूस (पदार्थ तापवण्याचे उष्णता सोसणारे छोटे भांडे), वजनाची बाटली किंवा बशी या चकतीवर ठेवतात. भांड्याचा काठ आणि झाकणाचा काठ हे दोन्ही घासून सपाट केलेले असतात व त्यांच्यामध्ये ग्रीजचा पातळ थर असतो. शोषक इतकाच भरावा की तो चकतीला टेकणार नाही. खालच्या कप्प्याचा निम्मा भाग भरला तरी पुरेसा होतो. चकती काढता-घालताना शोषकाची धूळ वर उडून मुशीच्या बुडाला चिकटते आणि ती धूळही मुशीबरोबर तराजूवर जाते, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

ग्रीज किती लावावे?

लोक लावतात त्याच्या निम्म्याने. दोन्ही काठ कोरड्या कापडाने स्वच्छ पुसून घ्यावेत, बोटाच्या टोकावर थोडेसे ग्रीज घेऊन काठावर चार-सहा ठिकाणी ठिपके द्यावेत आणि झाकण ठेवून ते हलक्या दाबाने डावी-उजवीकडे फिरवावे. ग्रीज नीट पसरले की घासलेल्या काचेचा दुधी रंग नाहीसा होतो आणि काठाचे संपूर्ण वर्तुळ पारदर्शक दिसू लागते. त्या वर्तुळात कोठे दुधी रेघ किंवा बारीक झाडासारखी नक्षी दिसली, तर तेथून हवा आत शिरते असे समजावे. ग्रीज जास्त झाले तर ते काठाच्या आतल्या बाजूला ओघळते आणि झाकण घसरण्याचा धोका वाढतो. साध्या डेसिकेटरला पांढरे व्हॅसलिन चालते, मात्र निर्वात डेसिकेटरसाठी निर्वातासाठीचेच ग्रीज वापरावे. जुने, धूळ बसून करडे झालेले ग्रीज पुसून टाकावे; त्याच्यावर नवा थर चढवू नये.

झाकण कसे उघडावे आणि कोठे ठेवावे?

झाकण कधीही सरळ वर उचलण्याचा प्रयत्न करू नये. डाव्या हाताने भांडे टेबलावर स्थिर धरावे आणि उजव्या हाताने झाकणाची मूठ धरून झाकण आडवे सरकवावे. काम होईल एवढीच फट ठेवावी आणि वस्तू आत-बाहेर करून झाकण त्याच वाटेने सरकवत परत आणावे. झाकण पूर्ण काढावे लागलेच, तर ते ग्रीजची बाजू वर करून घडी घातलेल्या कापडावर ठेवावे, म्हणजे काठाला धूळ लागत नाही आणि ते घरंगळतही नाही. डेसिकेटर एका जागेवरून दुसरीकडे नेताना दोन्ही हातांनी भांड्याचा काठ धरून दोन्ही अंगठे झाकणावर दाबून ठेवावेत. नुसते भांडे पोटाशी धरून चालणाऱ्याचे झाकण जिन्यात सरकते, आणि बहुतेक झाकणे अशीच फुटतात.

भट्टीतून काढलेली मूस लगेच आत ठेवून झाकण लावावे का?

लगेच ठेवू नये. लाल झालेली मूस प्रथम चिमट्याने उष्णतारोधक फरशीवर किंवा तारेच्या त्रिकोणावर ठेवावी, तिची लाली पूर्ण जाऊ द्यावी आणि आणखी एखादा मिनिट थांबून मगच ती डेसिकेटरमध्ये न्यावी. ओव्हनमधून १०५ किंवा ११० अंश सेल्सियसवर काढलेल्या बाटलीला इतका वेळ थांबवण्याची गरज नसते. मूस आत ठेवल्यावर मात्र झाकण थोडे उघडे ठेवून काही क्षण जाऊ द्यावेत. आतली हवा तापून पसरत असते. तिला वाट मिळाली नाही तर ती झाकण उचलते आणि झाकण काठावरून घसरून पडू शकते.

हवा थंड झाल्यावर उलटा प्रकार घडतो. झाकण बंद करताना आतली हवा ६० अंशांवर असेल आणि नंतर ती ३० अंशांवर आली, तर आतला दाब सुमारे ९ टक्क्यांनी उतरतो. झाकणाचा व्यास २० सेंटिमीटर असेल तर बाहेरचे वातावरण त्या झाकणावर सुमारे ३२५ किलोग्रॅम वजनाइतका भार टाकत असते, त्यामुळे दाबातल्या ९ टक्के फरकानेच झाकण तीसेक किलोग्रॅम वजनाखाली दाबल्यासारखे घट्ट बसते. विद्यार्थी अशा वेळी झटका देऊन झाकण सरकवतात आणि एकदम आत घुसलेल्या हवेच्या झोताने मुशीतला हलका अवक्षेप उडून जातो. तीन तासांचे प्रात्यक्षिक त्या एका झटक्यात वाया जाते, म्हणून झाकण केसाएवढे सरकवून हवेचा बारीक आवाज थांबेपर्यंत वाट पाहावी.

वस्तू थंड व्हायला किती वेळ द्यावा? कोमट असताना वजन केले तर काय बिघडते?

चिनी मातीच्या मुशीला साधारण अर्धा तास, मोठ्या काचेच्या बाटलीला त्याहून थोडा अधिक वेळ द्यावा. धातूच्या बशा लवकर थंड होतात. कोमट वस्तूभोवतीची हवा तापून वर जात राहते व पारड्याला वर ढकलते, त्यामुळे वजन खरे असते त्यापेक्षा कमी दिसते आणि तराजूवरचा आकडा हळूहळू चढत राहतो. आकडा चढताना दिसला की अनेकांना वाटते की वस्तू ओलावा ओढते आहे. प्रत्यक्षात बऱ्याचदा ती अजून गरम असते. दोन्ही कारणे एकाच दिशेने काम करत असल्याने नुसत्या आकड्यावरून त्यांत फरक करता येत नाही. यावरचा उपाय साधा आहे: रिकामी मूस आणि भरलेली मूस दोन्ही वेळा सारखाच वेळ थंड करावी आणि तो वेळ जर्नलमध्ये लिहून ठेवावा. लागोपाठच्या दोन वजनांतील फरक ०.२ ते ०.३ मिग्रॅच्या आत येईपर्यंत तापवणे, थंड करणे व वजन करणे हा क्रम पुन्हा करावा लागतो.

कोणता शोषक निवडावा?

रोजच्या कामासाठी सिलिका जेल पुरेशी आहे. ती स्वस्त आहे, पुन्हा तापवून वापरता येते, हाताला दाहक नाही आणि ओली झाली तरी तिचा चिखल होत नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील प्राध्यापक वॉल्टर पॅट्रिक यांनी १९१८-१९ च्या सुमारास ती तयार करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्याआधीच्या काळात प्रयोगशाळांचा भर सल्फ्युरिक आम्ल आणि कॅल्शियम क्लोराइड यांवर असे, आणि आपल्याकडच्या जुन्या महाविद्यालयांतील काही डेसिकेटरांच्या तळाशी त्याच्या खुणा अजून दिसतात.

निर्जल कॅल्शियम क्लोराइड पाणी भरपूर ओढते, पण त्याच्यावरची हवा सिलिका जेलवरील हवेइतकी कोरडी होत नाही. ओलावा जास्त झाला की ते विरघळून पातळ होते आणि भांडे हलवताना चकतीवर उसळते. अमोनिया, अमाइन व अल्कोहोल यांच्याशी ते संयोग पावते, त्यामुळे या वर्गातील पदार्थ त्याच्याबरोबर ठेवू नयेत. अमाइनसाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे दाणे योग्य ठरतात. ते कार्बन डायऑक्साइडही ओढून घेतात. आम्लधर्मी बाष्प सोडणारा पदार्थ आत असेल तरीही त्यांचा उपयोग होतो.

सांद्र सल्फ्युरिक आम्ल हा उत्तम शोषक आहे, परंतु विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत त्याला जागा देऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. पाणी शोषून त्याचे आकारमान वाढते, भांडे कलले की ते चकतीपर्यंत येते, आणि डेसिकेटर हा हातात धरून इकडून तिकडे नेण्याचे उपकरण आहे. फॉस्फरस पेंटॉक्साइड याहूनही प्रभावी आहे. मात्र थोडे पाणी ओढताच त्याच्या पृष्ठभागावर चिकट साय धरते आणि खालची भुकटी कोरडी असूनही निरुपयोगी होते, म्हणून ते काचेच्या लोकरीवर पसरून ठेवतात. वापरून झालेल्या पेंटॉक्साइडवर पाणी ओतू नये, कारण ते हिसका देऊन उडते. ते थोडे थोडे करून भरपूर बर्फपाण्यात टाकावे, आणि त्या वेळी चष्मा व हातमोजे वापरावेत. मॅग्नेशियम परक्लोरेटची क्षमताही याच तोडीची आहे, पण सेंद्रिय बाष्पाच्या सान्निध्यात त्याचा स्फोट होऊ शकतो, त्यामुळे सामान्य वापरासाठी त्याची शिफारस करता येत नाही.

एक तत्त्व मात्र सर्व शोषकांना लागू आहे. आत ठेवलेली वस्तू शोषकापेक्षा अधिक कोरडी राहू शकत नाही. प्रखर तापवलेला कॅल्शियम ऑक्साइड किंवा ॲल्युमिना हा स्वतःच जबरदस्त शोषक असतो. तो कॅल्शियम क्लोराइडच्या डेसिकेटरमध्ये उघडा ठेवला तर क्लोराइडला न जुमानता तो हवेतील उरलेला ओलावा ओढून घेतो आणि त्याचे वजन वाढते. असे अवक्षेप झाकलेल्या मुशीत ठेवून लवकर वजन करावे.

निळी आणि नारिंगी सिलिका जेल यांत काय फरक आहे?

निळ्या जेलवर कोबाल्ट क्लोराइडचा लेप असतो. ते कोरडे असताना निळे आणि ओले झाल्यावर गुलाबी दिसते. कोबाल्ट क्लोराइडची धूळ श्वासावाटे शरीरात गेल्यास कर्करोगाचा धोका संभवतो असे युरोपीय नियमावलीत वर्गीकरण झाल्यापासून अनेक प्रयोगशाळांनी नारिंगी जेलकडे मोर्चा वळवला. नारिंगी जेल ओली झाली की तिच्यातील रंगद्रव्यानुसार हिरवी किंवा रंगहीन होते. दोन्हींची शोषणशक्ती सारखीच असते. रंग हा फक्त सूचक असल्याने सर्व जेल रंगीत घेण्याचे कारण नाही. पांढऱ्या जेलमध्ये मूठभर रंगीत दाणे मिसळले तरी काम भागते. वरचे दाणे आधी रंग बदलतात, म्हणून वरून सारे गुलाबी दिसले तरी खालचा थर अजून निळा असू शकतो. अशा वेळी चमच्याने ढवळून पाहावे, पण वस्तू बाहेर काढल्यानंतरच.

ओली झालेली सिलिका जेल पुन्हा कशी कोरडी करावी?

ट्रेमध्ये बोटाच्या पेराहून पातळ थर पसरून ११० ते १२० अंशांवर ओव्हनमध्ये काही तास ठेवावी आणि रंग परत आल्यावर गरम असतानाच घट्ट झाकणाच्या बरणीत भरावी. नारिंगी जेलमधले सेंद्रिय रंगद्रव्य जास्त उष्णतेने जळते व दाणे तपकिरी पडतात, म्हणून पाकिटावर दिलेली मर्यादा पाळावी. रेणुचाळणीच्या (मॉलेक्युलर सीव्ह या सूक्ष्म छिद्रांच्या शोषकाच्या) गोळ्यांना मात्र २५० ते ३०० अंश लागतात आणि साधा ओव्हन त्यासाठी पुरत नाही. जेल तव्यावर भाजण्याची किंवा गच्चीवर उन्हात घालण्याची पद्धत काही ठिकाणी चालते. तव्यावर तापमानाचा अंदाज राहत नाही, आणि उन्हात पुरेसे तापमान मिळतच नाही. जुलैतल्या उन्हात तर ती आणखी ओली होऊन परत येते.

पावसाळ्यात मुंबई, कोकण आणि गोव्यातील प्रयोगशाळांनी कोणती वेगळी काळजी घ्यावी?

हा प्रश्न दर जून महिन्यात येतो आणि त्याचे उत्तर आकड्यांतून समजते. ३० अंश तापमानाची हवा पूर्ण संतृप्त असेल तर तिच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम पाणी असते. किनारपट्टीवर भर पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के ही नेहमीची बाब आहे. म्हणजे एका घनमीटरमध्ये सुमारे २६ ग्रॅम, किंवा एका लिटर हवेत २६ मिलिग्रॅम पाणी झाले. दहा लिटरच्या डेसिकेटरचे झाकण पूर्ण उघडून आतली हवा बदलली, तर एका वेळेस पाव ग्रॅमहून अधिक पाणी आत येते. ज्या तराजूवर आपण वजन करणार आहोत तो ०.१ मिलिग्रॅम दाखवतो. आत आलेले हे पाणी शोषून घ्यायला शोषकाला वेळ लागतो, कारण बंद भांड्यातली हवा जवळजवळ स्थिर असते. झाकण नीट उघडले गेल्यानंतर आतले वातावरण पुन्हा पहिल्यासारखे कोरडे व्हायला तासभर किंवा त्याहून अधिक वेळ जाऊ शकतो. वीस विद्यार्थ्यांच्या तुकडीला एकच डेसिकेटर दिला आणि प्रत्येकाने आपापली मूस पाहण्यासाठी तो उघडला, तर संपूर्ण प्रात्यक्षिकात तो एकदाही खऱ्या अर्थाने कोरडा नसतो. तळाशी निळी जेल दिसते, म्हणून शंका मात्र कोणाला येत नाही.

म्हणून पावसाळ्यात एका मोठ्या डेसिकेटरऐवजी चार-पाच विद्यार्थ्यांच्या गटाला एक लहान डेसिकेटर देणे श्रेयस्कर आहे. मुशीला स्वतःचे झाकण असावे आणि वजनाच्या बाटलीचे बूच थंड होताना तिरके ठेवून, तराजूवर नेण्यापूर्वी आतल्या आतच बसवावे. तराजू आणि डेसिकेटर एकाच खोलीत, एकाच टेबलाजवळ असावेत. वातानुकूलित खोलीतून बाहेर आणलेल्या थंड काचेवर किनारपट्टीच्या हवेत डोळ्यांदेखत दव धरते, त्यामुळे डेसिकेटर थंड खोलीतून उबदार खोलीत आणून लगेच उघडू नये.

विदर्भातील वाचकांना मे महिन्यात याची गरज वाटत नाही, पण तिथेही हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असलेल्या दुपारच्या हवेत एका घनमीटरमागे सुमारे ११ ग्रॅम पाणी असते. घाम क्षणात वाळवणारी ती हवा तराजूच्या दृष्टीने कोरडी नसते.

साखर कारखान्यात ओलावा मोजताना डेसिकेटरचा इतका आग्रह का धरला जातो?

पांढऱ्या साखरेतील ओलावा फार थोडा असतो. २० ग्रॅम साखरेत ०.०४ टक्के ओलावा असेल तर १०५ अंशांवर तीन तास तापवल्यावर होणारी घट अवघी ८ मिलिग्रॅम असते. बशी थंड होताना साखरेने त्यातले २ मिलिग्रॅम परत ओढले, तर उत्तर एक चतुर्थांशाने चुकते. अशा मोजणीत झाकणाच्या काठावरील ग्रीजचा थर हा तराजूइतकाच महत्त्वाचा ठरतो. सांडपाण्यातील तरंगते घन पदार्थ मोजताना १०३ ते १०५ अंशांवर वाळवलेल्या गाळणपत्राची गतही हीच असते, कारण त्याच्यावरील घन पदार्थही काही मिलिग्रॅमच असतात.

कोणते पदार्थ डेसिकेटरमध्ये ठेवू नयेत?

स्फटिकजल, म्हणजे स्फटिकाच्या रचनेतच बांधलेले पाणी, असलेले पदार्थ ठेवू नयेत, आणि हा नियम सर्वात जास्त मोडला जातो. अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिकात पोटॅशियम परमँगनेटचे अनुमापन (तीव्रता माहीत असलेल्या द्रावणावरून दुसऱ्याची तीव्रता काढणे) ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणाने करतात. हे आम्ल पाण्याचे दोन रेणू धारण करणारे असते आणि ०.१ नॉर्मल (तीव्रतेचे एकक) द्रावणासाठी लिटरमागे ६.३ ग्रॅम घ्यावे लागते. ‘प्रमाण पदार्थ कोरडा हवा’ हे वाक्य पाठ असल्याने एखादा सावध सहायक बाटलीतले आम्ल काढून बशीत घालतो आणि ते डेसिकेटरमध्ये ठेवतो. प्रभावी शोषकावर त्याचे स्फटिकजल निघू लागते व स्फटिकांचे कोपरे पांढुरके, पिठूळ होतात. आता तेवढ्याच ६.३ ग्रॅममध्ये आम्ल जास्त असते, द्रावण ०.१ पेक्षा तीव्र होते, ब्यूरेटमधून परमँगनेट जास्त जाते आणि गणितात परमँगनेटचे द्रावण आहे त्यापेक्षा सौम्य ठरते. पूर्ण वर्गाची उत्तरे एकाच दिशेने चुकली की आधी या बशीकडे पाहावे.

बोरॅक्सची स्थिती अधिक नाजूक आहे. त्याच्या दहा जलरेणूंच्या रूपाला ना फार कोरडी हवा मानवते ना फार दमट, म्हणून ते मीठ आणि साखर या दोन्हींच्या संतृप्त द्रावणावर ठेवण्याची रीत आहे. त्या द्रावणावरची आर्द्रता ६० ते ७० टक्क्यांच्या आसपास टिकून राहते. डेसिकेटरच्या तळाशी शोषकाऐवजी संतृप्त द्रावण ठेवून हवी ती आर्द्रता राखण्याची ही युक्ती फार उपयोगी आहे. २५ अंशांवर नुसत्या मिठाच्या संतृप्त द्रावणावर सुमारे ७५ टक्के, तर मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणावर सुमारे ३३ टक्के आर्द्रता असते. आर्द्रतामापक बरोबर आहे का हे तपासायला आणि बिस्किटे किंवा पापड कोणत्या हवेत मऊ पडतात हे अभ्यासायला याचाच उपयोग करतात.

याउलट पोटॅशियम डायक्रोमेट, पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट आणि निर्जल सोडियम कार्बोनेट हे पदार्थ ओव्हनमध्ये वाळवून डेसिकेटरमध्येच थंड करावेत. यांपैकी सोडियम कार्बोनेटला २६० ते २७० अंश लागतात.

एकाच डेसिकेटरमध्ये वेगवेगळे पदार्थ ठेवले तर चालतात का?

बाष्प न सोडणारे, झाकलेले पदार्थ चालतात. अमोनियाचा वास असलेला क्षार किंवा हायड्रोक्लोरिक आम्लाने ओला असलेला अवक्षेप इतरांबरोबर ठेवू नये. शेजारच्या दोन बशांतील बाष्पे भेटली की अमोनियम क्लोराइडचा पांढरा थर सगळ्यांवर बसतो.

निर्वात डेसिकेटर केव्हा वापरावा आणि त्यात धोका कोणता?

उष्णता न सोसणारे पदार्थ, जीवद्रव्ये आणि द्रावक अडकून राहिलेले स्फटिक यांच्यासाठी तो वापरावा. हवेचा दाब कमी झाला की पाण्याचे बाष्प शोषकापर्यंत वेगाने पोहोचते आणि वाळण्याचा वेळ पुष्कळ घटतो. स्कॉटलंडचे जॉन लेस्ली यांनी १८१० मध्ये हवापंपाच्या घंटेखाली पाणी आणि सल्फ्युरिक आम्ल शेजारी ठेवून पाण्याचा बर्फ करून दाखवला होता. पाणी इतक्या झपाट्याने उडून आम्लात गेले की उरलेले पाणी गोठले.

साध्या डेसिकेटरला नळी जोडून निर्वात करू नये, कारण त्याची काच त्यासाठी घडवलेली नसते. निर्वातासाठीच्या भांड्यावरही वर सांगितलेला सव्वातीनशे किलोग्रॅमचा भार झाकणाच्या एका बाजूने पडत असतो. काचेला ओरखडा, तडा किंवा काठाला कपची गेलेली असेल तर ते आतल्या बाजूला फुटते आणि तुकडे उसळून बाहेर येतात. म्हणून भांड्याभोवती जाळी किंवा चिकटपट्टी असावी, चष्मा वापरावा आणि निर्वात असताना भांडे जागचे हलवू नये. हवा आत सोडताना तोटी अगदी हळू उघडावी आणि आतल्या तोंडापाशी गाळणपत्राचा तुकडा धरला जाईल अशी सोय करावी, म्हणजे भुकटी उडत नाही.

नळाच्या पाण्यावर चालणारा निर्वातक वापरत असाल तर त्याची मर्यादा लक्षात घ्यावी. ३० अंशांच्या पाण्याचा बाष्पदाब सुमारे ३२ मिलिमीटर पारा असतो आणि त्याखाली तो जाऊ शकत नाही. शिवाय तोटी बंद न करता पाणी बंद केले तर नळाचे पाणी उलट डेसिकेटरमध्ये येते. मध्ये एक रिकामी बाटली जोडणे हाच त्यावरचा उपाय आहे. गरम मूस निर्वातात ठेवण्यातही अर्थ नाही, कारण उष्णता वाहून नेणारी हवाच तेथे नसते व मूस फार वेळ गरम राहते.

झाकण घट्ट अडकले तर काय करावे?

निर्वात भांडे असेल तर प्रथम तोटी उघडी आहे का ते पाहावे. निम्म्या वेळा अडचण तेथेच असते. नंतर काठाच्या भोवती केस वाळवण्याच्या यंत्राची कोमट हवा सर्व बाजूंनी फिरवावी, म्हणजे घट्ट झालेले ग्रीज मऊ होते, आणि मग झाकण एका दिशेने सलग दाबाने सरकवावे. तरीही न हलल्यास दाढीच्या पात्यासारखे पातळ पाते काठांच्या मध्ये घालून ग्रीजचा थर तोडावा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नये व लाकडी ठोकळ्याने ठोकू नये. ही वेळ मुख्यतः मोठ्या सुट्टीनंतर येते, म्हणून सुट्टीआधी वस्तू काढून झाकण थोडे सरकवून ठेवावे.

द्रावकाचे बाष्प काढायला डेसिकेटर वापरता येतो का?

येतो, पण सिलिका जेल त्यासाठी फारशी कामाची नाही. हेक्झेन किंवा तत्सम तेलकट द्रावकांसाठी पॅराफिन मेणाचे पातळ काप बशीत ठेवतात. मेण ते बाष्प विरघळवून घेते.

प्लास्टिकचा डेसिकेटर घ्यावा का?

पॉलिकार्बोनेटचे भांडे हलके असते आणि फुटण्याची भीती कमी असते, म्हणून शालेय प्रयोगशाळेला ते योग्य आहे. मात्र भट्टीतली मूस त्यात ठेवता येत नाही आणि ॲसिटोनने पुसल्यास त्याच्यावर बारीक चिरा पडतात.

घरच्या कॅमेऱ्यासाठी किंवा लेन्ससाठी डेसिकेटरसारखे काही हवे का?

मुंबई, कोकण आणि गोवा येथे हवे. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर सतत राहिली की लेन्सच्या काचेवर बुरशीचे कोळिष्टकासारखे धागे पसरू लागतात व लेपाला कायमचे डाग पाडतात. रबरी पट्टीच्या झाकणाचा, डाळ-तांदूळ ठेवण्याचा प्लास्टिक डबा, त्यात सुती पिशवीत भरलेली सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढ्या साहित्यावर काम भागते. संग्रह मोठा असेल तर विजेवर चालणारे कोरडे कपाट घ्यावे. प्रयोगशाळेत जितकी कोरडी हवा मिळेल तितकी हवी असते, पण येथे आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी, कारण अतिकोरड्या हवेत रबर आणि वंगण लवकर खराब होते. चामड्याचे खोके मात्र त्या डब्यात ठेवू नये. चामडे ओलावा धरून ठेवते आणि त्याच्यावरची बुरशी लेन्सपर्यंत पोहोचते.

औषधांच्या बाटलीत किंवा बुटांच्या खोक्यात आलेल्या पुड्या जमवून डेसिकेटरमध्ये वापरता येतात का?

बहुतेक पुड्यांत सिलिका जेल असते, पण काहींत चिकणमाती, चुनखडीचा चुना किंवा कॅल्शियम क्लोराइड असते आणि अन्नपदार्थांसोबत येणाऱ्या काही पुड्यांत ऑक्सिजन शोषणारी लोखंडाची भुकटी असते. त्या आपल्यापर्यंत पोहोचेपर्यंत बऱ्याच ओल्याही झालेल्या असतात. आत काय आहे हे पुडीवर छापलेले नसेल तर ती ओव्हनमध्ये घालू नये आणि डेसिकेटरमध्येही ठेवू नये. चुना असलेली पुडी फुटून ओलाव्याशी भिडली तर तापते, म्हणून ती लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी टाकावी.